उजवीकडे २०२, डावीकडे ४३२ : फेटाळल्या गेलेल्या एका कराराचा प्रकरण अभ्यास

१५ जानेवारी २०१९ ची संध्याकाळ. लंडनमध्ये कॉमन्स या ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात घंटा वाजली आणि युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, म्हणजे ब्रेक्झिटच्या, करारावर मत द्यायला खासदार बाकांवरून उठले. तिथे बटण दाबून मत देत नाहीत, चालत जाऊन देतात. सभापतींच्या उजव्या हाताला 'होय' म्हणणाऱ्यांची मार्गिका, डाव्या हाताला 'नाही' म्हणणाऱ्यांची. आठ मिनिटांनी दारं बंद होतात. त्या दिवशी दारं उघडल्यावर आकडे वाचले गेले: उजवीकडे २०२, डावीकडे ४३२. सत्तेवरच्या सरकारचा एवढ्या फरकाने पराभव कॉमन्सने त्याआधी कधी पाहिला नव्हता.

मला त्या आकड्यापेक्षा डाव्या मार्गिकेतली गर्दी महत्त्वाची वाटते. युरोपीय संघाशी सगळे धागे तोडा म्हणणारे, सत्तेवरच्याच हुजूर पक्षाचे खासदार तिथे होते. संघातच राहू या, पुन्हा मत घ्या म्हणणारे मजूर पक्षाचे आणि स्कॉटिश राष्ट्रवादी होते. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावा म्हणणारे तिथले दहा युनियनवादी होते. एकमेकांचं तोंड न पाहणारी ही माणसं एकाच बोळातून पुढे सरकत होती. करार कोणालाच का नको होता, आणि 'नाही' म्हणणाऱ्यांना नेमकं हवं तरी काय होतं, एवढाच या लेखाचा विषय आहे. काळ प्रामुख्याने मार्च २०१७ ते मार्च २०१९. सार्वजनिक पदांवरच्या माणसांची नावं दिली आहेत, बाकीच्यांची मुद्दाम दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

२३ जून २०१६ च्या मतपत्रिकेवर चौकोन दोनच होते: युरोपीय संघात राहावं किंवा संघ सोडावा. ७२.२ टक्के मतदान झालं. ५१.९ टक्के लोकांनी 'सोडावा' म्हटलं, ४८.१ टक्क्यांनी 'राहावं'. इंग्लंड आणि वेल्सचा कौल बाहेर पडण्याचा होता. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के लोकांना राहायचं होतं. मतदानाच्या आठवडाभर आधी जो कॉक्स या मजूर पक्षाच्या तरुण खासदाराचा त्यांच्याच मतदारसंघात भररस्त्यात खून झाला होता. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्यावं. देश मोजमाप करून दुभंगला होता आणि जखम ताजी होती.

निकाल लागताच डेव्हिड कॅमेरून यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. १३ जुलैला थेरेसा मे पंतप्रधान झाल्या. त्या स्वतः 'राहावं' या बाजूच्या होत्या, पण आता निकाल अमलात आणणं त्यांचं काम होतं.

इथे एका कुटुंबाविषयी सांगतो, कारण हे प्रकरण मला पहिल्यांदा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बोलण्यातून कळलं. आईच्या माहेरकडचे हे लोक म्हापशाजवळचे, राहतात इंग्लंडमधल्या स्विंडन गावात. दादांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून तो मिळवता येतो, आणि त्या पासपोर्टावर संघातल्या कुठल्याही देशात, म्हणून तेव्हा ब्रिटनमध्येही, काम करता येत असे. स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती उभी राहिली ती त्याच वाटेने. वहिनींचा पासपोर्ट मात्र भारतीयच राहिला.

सार्वमताचा नियम असा होता की ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांबरोबर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत, पण माल्टा आणि सायप्रस वगळता युरोपातल्या इतर देशांच्या नागरिकांना नाही. म्हणजे एकाच घरात भारतीय पासपोर्टवाल्या वहिनींना मत होतं आणि ज्यांच्या कागदावर सगळं घर उभं होतं त्या दादांना नव्हतं. वहिनी 'राहावं'वर फुली मारून आल्या. गोदामात त्यांच्याच पाळीला असणाऱ्या एका इंग्रज बाईंनी 'सोडावा'वर मारली. जेवणाच्या सुट्टीत दोघी एकाच टेबलावर बसायच्या. त्या बाई वहिनींना म्हणाल्या होत्या, "तुम्ही जावं असं मला अजिबात वाटत नाही गं. पण आमचे नियम आम्ही निवडून दिलेल्या माणसांनी करावेत, एवढंच." वहिनींना ते पटलं नाही, पण त्यात खोट आहे असंही वाटलं नाही. मलाही वाटत नाही. स्विंडनचा कौल बाहेर पडण्याच्याच बाजूने गेला.

पेच

'सोडावा' हे उत्तर मिळालं, पण सोडून कुठे जायचं हे कोणी विचारलंच नव्हतं. संघ म्हणजे एकात एक अडकलेल्या अनेक व्यवस्था. सीमाशुल्क संघात असलात तर सदस्य देशांत मालावर जकात नाही आणि बाहेरच्या जगासाठी जकात सगळ्यांची एकच. एकल बाजारपेठेत असलात तर मालाचे, सेवांचे नियम एकसारखे आणि माणसांनाही कुठेही जाऊन राहण्याची मुभा. नॉर्वे संघाचा सदस्य नाही, तरी एकल बाजारपेठेत आहे. तुर्कस्तान सदस्य नाही, पण बहुतेक मालापुरता सीमाशुल्क संघात आहे. कॅनडाचा फक्त व्यापार करार आहे. 'बाहेर' या एका शब्दात इतक्या खोल्या होत्या.

घोडं अडलं ते आयर्लंडच्या सीमेवर. आयर्लंड बेट दोन देशांत वाटलेलं आहे. दक्षिणेला आयर्लंड प्रजासत्ताक, उत्तरेला ब्रिटनचा भाग असलेला उत्तर आयर्लंड. मधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची आणि तिच्यावरून दोनशेहून जास्त रस्ते जातात. आज त्या रस्त्यावरून गाडी नेली तर देश बदलल्याचं डांबराच्या कडेला पाहून कळतं: दक्षिणेत कडेची रेघ पिवळी, उत्तरेत पांढरी, आणि वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर जातात. याच सीमेवर एके काळी सैनिकांचे टेहळणी मनोरे होते. तीस वर्षांच्या हिंसाचारात ३,५०० च्या वर माणसं गेली. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर सीमा हळूहळू नजरेआड झाली.

आता ब्रिटन सीमाशुल्क संघ आणि एकल बाजारपेठ दोन्ही सोडणार, तर एका बाजूच्या ट्रकातला माल दुसऱ्या बाजूला जाताना कुठेतरी तपासावा लागणारच. मुलुंड किंवा दहिसरच्या जकात नाक्यावरची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना नाका म्हणजे काय हे सांगायला नको. पण इथे नाका नुसता वेळ खाणारा नव्हता. ज्या जागी माणसं मारली गेली त्या जागी पुन्हा गणवेशातली माणसं उभी करायची, असा त्याचा अर्थ होता. डब्लिनमध्ये जून २०१७ पासून पंतप्रधानपदी होते लिओ वराडकर. त्यांचे वडील अशोक वराडकर मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, डॉक्टर. त्या काळात मराठी वर्तमानपत्रांत या नात्याचं कौतुक बरंच झालं. पण वराडकरांचा मुद्दा नीट सांगायला हवा: सीमेवर काहीही उभं राहणार नाही याची कायदेशीर हमी आधी, बाकीचं नंतर. उरलेले २६ देश या मागणीमागे उभे राहिले, आणि ब्रिटनमधल्या अनेकांना ते राहतील असं वाटलंच नव्हतं.

सीमाशुल्क संघ सोडायचा, आयर्लंडच्या जमिनीवर नाका नको आणि उत्तर आयर्लंड व उरलेल्या ब्रिटनमध्येही फरक नको, या तीन इच्छांपैकी दोनच एका वेळी पुऱ्या होऊ शकत होत्या. पुढची सगळी भांडणं तिसरी कोणी सोडायची यावरची आहेत.

समोर असलेले पर्याय

नॉर्वेसारखं राहिलं तर व्यापाराला सर्वांत कमी धक्का. पण माणसांची मुक्त ये-जा चालू राहणार, आणि नियम पाळायचे पण करताना टेबलावर जागा नाही. ज्यांनी "आमचे नियम आमचे" म्हणून मत दिलं त्यांना हे पटण्यासारखं नव्हतं. मधला मार्ग सीमाशुल्क संघाचा. कारखान्यांना तो चालला असता आणि आयर्लंडचा गुंता बराच सुटला असता, पण मग अमेरिकेशी वा भारताशी मालाच्या जकातीवर स्वतंत्र करार करता आला नसता. कॅनडासारखा करार केला तर हात मोकळे, मात्र आयर्लंडचं काय हा प्रश्न जसाच्या तसा. करार न करताच बाहेर पडणं हाही एक मार्ग होता. त्यात बंदरांवर औषधं आणि भाजीपाला अडकण्याची भीती सरकारच्याच तयारीच्या कागदांत होती. शेवटी दुसरं सार्वमत, किंवा बाहेर पडण्याची नोटीसच मागे घेणं. त्याला लाखोंच्या मोर्चांचा पाठिंबा होता आणि १.७४ कोटी मतदारांच्या विश्वासघाताचा आरोपही चिकटलेला होता.

डिसेंबर २०१७ मध्ये संघाचे मुख्य वाटाघाटीकार मिशेल बार्निए यांनी एक साधं चित्र पुढे ठेवलं. पायऱ्या उतरत गेलेला जिना, पायऱ्यांवर वेगवेगळ्या देशांचे झेंडे. ब्रिटनने जी अट घातली तिच्यामुळे कोणती पायरी बाद होते ते बाजूला लिहिलेलं. सगळ्या अटी मोजल्या की उरत होती ती कॅनडा आणि दक्षिण कोरियाची पायरी. हे चित्र ब्रिटिश सरकारने स्वतःच्या संसदेत वर्षभर आधी काढायला हवं होतं, असं मला ते पाहिल्यापासून वाटत आलं आहे.

काय केलं गेलं

१७ जानेवारी २०१७ ला लँकेस्टर हाऊसमधल्या भाषणात मे यांनी लक्ष्मणरेषा आखल्या: एकल बाजारपेठ सोडणार, सीमाशुल्क संघात पूर्ण सदस्य म्हणून राहणार नाही, युरोपीय न्यायालयाचा अधिकार संपवणार. वाईट करारापेक्षा करार नसलेला बरा, असंही त्या म्हणाल्या. नोटीस सरकार एकटं देऊ शकत नाही, संसदेचा कायदा लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात ८ विरुद्ध ३ मतांनी दिला. कायदा झाला आणि २९ मार्चला नोटीस गेली. तिथून दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं.

तीनच आठवड्यांनी त्यांनी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली, बहुमत वाढेल या हिशेबाने. ८ जूनला हुजूर पक्षाला ३१७ जागा मिळाल्या आणि होतं ते बहुमतही गेलं. सरकार टिकलं ते उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या, म्हणजे डीयूपीच्या, दहा खासदारांच्या टेकूवर. बदल्यात उत्तर आयर्लंडसाठी १ अब्ज पौंड जाहीर झाले. ज्या प्रश्नावर करार अडणार होता, त्याच प्रश्नावर एक इंचही न हलणाऱ्या पक्षाच्या हाती सरकारची नाडी गेली.

परिणाम लगेच दिसला. ४ डिसेंबर २०१७ ला मे ब्रसेल्समध्ये संघाच्या आयोगाचे अध्यक्ष युंकर यांच्यासोबत जेवायला बसल्या होत्या आणि आयर्लंडचा मजकूर जवळपास ठरला होता. डीयूपीच्या नेत्या आर्लीन फॉस्टर यांचा विरोध फोनवरून पोहोचला आणि मजकूर थांबला. चार दिवसांनी नवा मजकूर आला. त्यात दुसरा तोडगा निघाला नाही तर सीमा मोकळी राहील इतपत नियम ब्रिटन पाळेल असं वचन होतं, आणि उत्तर आयर्लंड व उरलेल्या ब्रिटनमध्ये नवे अडथळे येणार नाहीत असंही. दोन्ही बाजूंनी आपल्याला हवा तो अर्थ लावला.

याच वचनाचा पुढे 'बॅकस्टॉप' झाला. जुलै २०१८ मध्ये चेकर्स या पंतप्रधानांच्या गावाबाहेरच्या निवासस्थानी मे यांनी मालापुरते संघाचे नियम पाळण्याचा बेत मंत्रिमंडळाकडून संमत करून घेतला. दोन-तीन दिवसांत डेव्हिड डेव्हिस आणि बोरिस जॉन्सन या मंत्र्यांनी राजीनामे दिले. १४ नोव्हेंबरला ५८५ पानांचा करार मंत्रिमंडळापुढे आला. त्यात सुमारे ३९ अब्ज पौंडांची देणी होती, डिसेंबर २०२० पर्यंतचा संक्रमणकाळ होता, दादांसारख्या लाखो युरोपीय नागरिकांच्या राहण्याच्या हक्काची हमी होती. आणि बॅकस्टॉप होता: दुसरा तोडगा निघेपर्यंत सगळा ब्रिटन संघाबरोबर एका सीमाशुल्क क्षेत्रात, आणि त्यातून एकतर्फी बाहेर पडता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी ब्रेक्झिट खात्याचे मंत्री डॉमिनिक राब यांनी राजीनामा दिला.

ज्यांना पूर्ण सुटका हवी होती त्यांना बॅकस्टॉप म्हणजे कुलूप लावलेली खोली वाटली. ज्यांना संघात राहायचं होतं त्यांना वाटलं, नियम पाळायचेच तर मग टेबलावरची जागा कशासाठी सोडता? स्विंडनच्या त्या टेबलावरही हेच झालं. वहिनींनी नंतर फोनवर सांगितलं ते असं: "ती म्हणते यात बाहेर पडणं कुठंय, मी म्हणते यात राहणं कुठंय. दोन वर्षांत आमचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर जमलं." टीव्हीवरच्या चर्चा ऐकून जे समजत नव्हतं ते मला या वाक्यात समजलं.

११ डिसेंबरचं मतदान मे यांनी आदल्या दिवशी पुढे ढकललं. त्यांच्याच पक्षाने नेतृत्वावर अविश्वास आणला, तो २०० विरुद्ध ११७ असा फसला. मग आली १५ जानेवारी. 'नाही'च्या बाजूला हुजूर पक्षाचे ११८ खासदार होते. सहा दिवसांनी, २१ जानेवारीला, मे यांनी युरोपीय नागरिकांना राहण्याच्या नोंदणीसाठी लावलेली ६५ पौंडांची फी रद्द केली. पंतप्रधान हरल्या होत्या, पण दादांच्या घराला त्या सगळ्या गदारोळात हाती लागलेली पहिली ठोस गोष्ट ही होती.

१२ मार्चला दुसरं मतदान झालं आणि करार पुन्हा पडला, ३९१ विरुद्ध २४२. त्या सकाळीच महाधिवक्ता जेफ्री कॉक्स यांनी सांगितलं होतं की नव्या आश्वासनांनंतरही बॅकस्टॉपमध्ये अडकून पडण्याचा कायदेशीर धोका बदललेला नाही. त्यांच्या जागी खोटं बोलणं सोपं होतं, ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सभागृहाने करार न करता बाहेर पडायलाही नकार दिला. १८ मार्चला सभापती जॉन बर्को यांनी १६०४ पर्यंत मागे जाणारा संकेत काढला: तोच ठराव त्याच अधिवेशनात पुन्हा पुन्हा आणता येणार नाही. २० मार्चला मे टीव्हीवरून थेट जनतेशी बोलल्या आणि दिरंगाईचा दोष खासदारांना दिला. ज्यांची मतं हवी होती त्यांनाच त्यांनी लोकांपुढे उभं केलं. त्याच आठवड्यात नोटीस मागे घ्या म्हणणाऱ्या अर्जावर सह्यांचा पूर आला. पुढे त्या ६० लाखांच्या वर गेल्या.

शेवटी २७ मार्चला खासदारांनी कामकाज स्वतःच्या हाती घेतलं आणि आठ पर्याय मताला टाकले. आठही पडले. १ एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत सीमाशुल्क संघाचा पर्याय २७३ विरुद्ध २७६ असा तीन मतांनी गेला. दुसऱ्या सार्वमताचा आग्रह धरणाऱ्यांपैकी काहींनी त्याला हात लावला नाही, कारण तो संमत झाला असता तर सार्वमताची आशा संपली असती. या तीन मतांवर पुरेसं बोललं जात नाही.

दोन फेऱ्यांच्या मध्ये, २९ मार्चला, मूळ मुदतीप्रमाणे ज्या दिवशी रात्री ११ वाजता ब्रिटन बाहेर पडायचा होता त्याच दिवशी दुपारी करार तिसऱ्यांदा आला. सभापतींच्या आक्षेपामुळे पुढच्या संबंधांविषयीचा सोबतचा राजकीय जाहीरनामा बाजूला काढून नुसता करार. तो संमत झाला तर आपण पद सोडू असं वचन मे यांनी दोन दिवस आधी आपल्या खासदारांना दिलं होतं. जॉन्सन आणि राब या वेळी 'होय'च्या मार्गिकेतून गेले. तरी करार ३४४ विरुद्ध २८६ असा पडलाच. हुजूर पक्षाचे ३४ खासदार अडून राहिले, त्यांतले २८ कडवे ब्रेक्झिटवादी आणि सहा दुसऱ्या टोकाचे. हे ३४ 'होय'कडे आले असते तर करार ३२० विरुद्ध ३१० असा संमत झाला असता.

निकाल

२ एप्रिलला मे यांनी विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांना बोलणी करायला बोलावलं. वरातीमागून घोडं. दोघांच्याही पक्षात सवलत देण्याची ताकद उरली नव्हती, आणि १७ मे रोजी बोलणी मोडली. २३ मेच्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत नवाच ब्रेक्झिट पक्ष पहिला आला. दुसऱ्या दिवशी मे यांनी राजीनामा जाहीर केला.

पुढचं थोडक्यात. जुलैमध्ये जॉन्सन आले. त्यांनी संसद स्थगित केली, ती स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने ११ न्यायाधीशांच्या एकमताने बेकायदा ठरवली. १० ऑक्टोबरला ते आणि वराडकर लिव्हरपूलजवळ एका वाड्यावर भेटले आणि आठवड्यात नवा करार झाला. मे यांनी ज्याला कोणताही ब्रिटिश पंतप्रधान मान्यता देणार नाही म्हटलं होतं, तो पर्याय साधारण त्याच रूपात स्वीकारला गेला: मालाची तपासणी आयर्लंडच्या जमिनीवर नाही, उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनच्या मधल्या समुद्रावर. तीन इच्छांपैकी सोडली गेली ती डीयूपीची. १२ डिसेंबरच्या निवडणुकीत हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या आणि ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ११ वाजता ब्रिटन संघाबाहेर पडला. समुद्रातल्या रेषेची किंमत उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्टने मोजली. फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं डीयूपीच्या बहिष्कारामुळे तिथलं सरकार बंद होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटन आणि संघ यांच्यात झालेल्या विंडसर तोडग्याने तपासण्या कमी केल्या, तरी सरकार पुन्हा सुरू व्हायला आणखी वर्ष गेलं.

निर्णयाच्या जागा

माझ्या मते करार नोव्हेंबर २०१८ मध्ये फसला नाही, जानेवारी २०१७ मध्येच फसला होता. लक्ष्मणरेषा आधी आखल्या, आणि त्या आखताना ज्यांची मतं शेवटी लागणार होती त्यांना विचारलं नाही. ब्रसेल्सशी बोलणी झाली, घरात झालीच नाहीत. २७ मार्च २०१९ ला खासदारांनी जे केलं, म्हणजे सगळे पर्याय मांडून कशाला किती पाठिंबा आहे ते पाहणं, ते नोटीस देण्याआधी करता आलं असतं. तेव्हा मुदतीचं घड्याळ चालू नव्हतं. आणि करायचंच तर एकेका पर्यायाला 'होय-नाही' न विचारता पसंतीक्रम लावून विचारायला हवं होतं. प्रत्येकाला पहिली पसंती सोडून दुसरी सांगावी लागली असती तर डावी मार्गिका इतकी भरलीच नसती.

दुसरी जागा जून २०१७ ची. बहुमत गेलं त्या रात्रीच लोकांनी सांगितलं होतं की एका पक्षाच्या ब्रेक्झिटला आमची मुभा नाही. त्या सकाळी मजूर पक्षाला बोलावलं असतं तर हुजूर पक्ष फुटला असता, आणि मे यांना या भीतीने ग्रासलं होतं हे मला समजतं. पक्ष सांभाळणं हेही पंतप्रधानाचं काम असतं. पण दोन वर्षांनी पक्ष फुटलाच, फक्त तोवर विश्वास आणि वेळ दोन्ही संपले होते.

तिसरी, ४ ते ८ डिसेंबर २०१७. दोन अर्थांच्या वाक्याने त्या आठवड्याची अडचण सुटली. मात्र त्या वाक्याचा खरा अर्थ तेव्हाच लोकांना सांगितला असता, तीन इच्छांपैकी एक सोडावी लागेल असं स्पष्ट म्हटलं असतं, तर वाद मोठा झाला असता, पण खऱ्या प्रश्नावर झाला असता. पुढचं वर्ष लोक एकमेकांना गद्दार म्हणण्यात गेलं, आणि त्यातल्या बहुतेकांना बॅकस्टॉप काय आहे हे कोणी सरळ भाषेत सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूकडूनही चूक झाली, आणि तिची नोंद माझ्या बाजूच्या लोकांना आवडत नाही. माझं मन 'राहावं'कडे होतं, दादा-वहिनींमुळे तर होतंच. तरी ते तीन मतांनी पडलेलं सीमाशुल्क संघाचं पाऊल उचललं गेलं असतं, तर बाहेर पडलेला ब्रिटन आज युरोपाच्या बराच जवळ असता. सगळं मिळेल या आशेने हातातलं सोडणारे फक्त कडवे ब्रेक्झिटवादी नव्हते.

दादांनी फी रद्द झाल्यावर त्याच वर्षी अर्ज केला. फोनवरच्या अॅपने पासपोर्ट वाचला, चेहऱ्याचा फोटो घेतला. पाच वर्षांचं वास्तव्य पुरं असल्यामुळे कायम राहण्याचा हक्क मिळाला, आणि त्यांच्या जोडीने पुढे वहिनींनाही. कागद मिळत नाही, संगणकावर एक नोंद असते फक्त. दादांनी ती नोंद दोनदा छापून घेतली, एक प्रत स्विंडनच्या कपाटात ठेवली आणि दुसरी म्हापशाला आईकडे पाठवून दिली. छापील प्रतीला कायद्याने काही अर्थ नाही हे त्यांना माहीत होतं. गोदामातल्या त्या इंग्रज बाईंनी मंजुरीच्या दिवशी डब्यातून केक आणला होता.